‘नकुसा’ हें नांव कोणाचें ?

(घाटकोपर येथील भटवाडींत सातारा जिल्ह्याकडील गांवकरी मंडळींचा मेळावा भरला होता. त्यांत एका खेड्यांतील शिक्षकानें केलेलें भाषण.)



आपण आम्हांस येथें बोलावलें तें मुलांच्या शिक्षणावर चार शब्द सांगावे म्हणून. परंतु उपदेश ऐकून ऐकून आपले कान किटले असतील, आणि सुटीचा दिवस तर आपल्याला आठवड्यांतून एकच मिळतो. तेव्हां लांबण लावीत नाहीं. आम्ही खेड्यांतले मास्तर. मराठी अध्यापक विद्यालयांत शिकलों आणि वीस वर्षांवर हजेरीपत्रक हातांत धरून आहों. हजेरीपत्रकांत काय असतें ? नांवें. म्हणून आज नांवावरच बोलतों, आणि तेंही एकाच नांवावर. तें नांव नकुसा.

हें नांव उच्चारतांच मागच्या रांगेंत कोणीं कोणीं मान खालीं घातली, तें आम्हीं पाहिलें. मान खालीं घालण्याचें कारण नाहीं. आमच्या सख्ख्या थोरल्या बहिणीचें नांव नकुसा आहे. ती याच सभेंत बसली आहे, आणि तिला विचारूनच आम्ही बोलावयास उभे राहिलों आहों.

प्रथम मास्तराचें काम करूं, म्हणजे शब्दाचा अर्थ पाहूं. ‘नको’ हा शब्द आपण दिवसांतून शंभर वेळां बोलतों. त्यावरून ‘नकोसा’ हें विशेषण झालें. पीक काढणीला आलें असतां येणारा पाऊस नकोसा, दारीं बसलेला सावकार नकोसा, आणि उसाभर नकोशी. या ‘नकोशी’चें बोलण्यांत ‘नकुशी’ झालें. आणि चंद्रा, तारा, मुक्ता अशीं बायकांचीं पुष्कळ नांवें आकारानें संपतात, त्या वळणावर ‘नकुसा’ झालें. म्हणजे या नांवांत देव नाहीं, नदी नाहीं, फूल नाहीं. आहे तो एक निरोप. आणि तो निरोप देखील त्या पोरीला नव्हे. तिच्या पाठीवर कोण यावें, याविषयीं देवाला केलेला तो अर्ज आहे : मुली आतां पुरे, मुलगा दे. अर्ज लिहावयास कागद मिळाला नाहीं, म्हणून तो पोरीच्या कपाळावर लिहिला.

कोणी म्हणेल, मास्तर, वाईट नांवें काय मुलींचींच असतात ? आपल्यांत धोंडू आहे, दगडू आहे, केरबा आहे, भिकू आहे. खरें आहे. पण त्यांची कथा ऐका. ज्या घरांत मुलें जगत नसत, त्या घरीं मूल जन्मलें कीं त्याला मुद्दाम हलकें नांव देत. दृष्ट लागूं नये, काळानें ‘हा तर दगड, हा तर केर’ असें समजून पुढें जावें, ही त्या आईबापांची भाबडी युक्ति. कांहीं ठिकाणीं मूल शेजारणीच्या ओटींत घालीत आणि मूठभर कोंडा देऊन परत विकत घेत. कोंडीबा, कोंडाबाई हीं नांवें त्यांतून निघालीं, असें जुनीं माणसें सांगतात. ही समजूत खुळी असेल, पण तिच्यांत माया होती. धोंडू म्हणजे ‘हा राहूं दे’. नकुसा म्हणजे ‘ही कशाला आली’. कानाला दोन्ही नांवें सारखींच खडबडीत लागतात, पण एक लपविण्यासाठीं ठेविलें आणि दुसरें हाकलण्यासाठीं ठेविलें. हा भेद ज्याला कळला, त्याला आमचें निम्में भाषण कळलें.

मग आपल्या कुणबी-माळ्यांच्या, सुतार-लोहारांच्या, कुंभार-साळ्यांच्या आयांना चांगलीं नांवें सुचत नव्हतीं काय ? तसें मुळींच नाहीं. त्यांनीं गंगा ठेविलें, गोदा ठेविलें, चंद्रभागा ठेविलें. आपल्या सातारकडे कृष्णा वाहते, म्हणून घरोघर कृष्णाबाई झाल्या. पांखरांवरून मैना आणि साळू, झाडावरून तुळसा, संतांवरून जना, मुक्ता, सखू, बहिणा. आतां एक गंमत सांगतों. मनुस्मृतीच्या तिसऱ्या अध्यायांत बायको कशी करूं नये याची यादी आहे. तींत नक्षत्र, झाड, नदी, डोंगर, पक्षी आणि साप यांचें नांव असलेली मुलगी करूं नये असें लिहिलें आहे. म्हणजे आपली गंगा बाद, मैना बाद, तुळसाही बाद ! आपल्या आयाबायांनीं ती यादी पाहिली नाहीं, आणि पाहिली असती तरी मानली नसती. त्यांनीं डोळ्यांपुढें नांदणारी नदी पाहिली आणि तिचें नांव लेकीला दिलें.

त्याच ग्रंथाच्या दुसऱ्या अध्यायांत नांवांचे नियम आहेत. ब्राह्मणाचें नांव मंगल असावें, क्षत्रियाचें बळाचें, वैश्याचें धनाचें आणि शूद्राचें निंदास्पद असावें. हा अपमान आपल्याला ठाऊक आहे आणि त्याबद्दल मनूला आपण यथास्थित नांवें ठेवितों. परंतु लगेच पुढें तोच मनु सांगतो कीं, बाईचें नांव उच्चारावयास सोपें असावें, कठोर नसावें, गोड व मंगल असावें, आणि त्यांत आशीर्वाद असावा. आतां सांगा, नकुसा हें नांव कोणीं ठेविलें ? हें कोणा भटानें पंचांग पाहून काढलें नाहीं, कोणा सरकारी हुकुमानें आलें नाहीं. जें मनूनेंही सांगितलें नाहीं, तें आम्हीं आपल्या हातानें केलें. दुसऱ्यानें आम्हांस हलकें नांव दिलें तर आमचें रक्त तापतें. मग आम्हीं आपल्या पाळण्यांत कोणतें नांव घातलें, हें पाहण्याचेंही धैर्य पाहिजे.

हें दूषण एकट्या साताऱ्याचें नव्हे. बंगाल्यांत मुलीचें नांव ‘आन्नाकाली’ ठेवीत. त्याचा अर्थ, हे काली, आतां आणखी नको. हरियाणाकडे ‘भतेरी’ म्हणजे पुष्कळ झाल्या. राजस्थानांत ‘धापू’ म्हणजे पोट भरलें. तमिळ मुलुखांत ‘वेंडाम’ म्हणजे सरळ सरळ नकोच. चीनमध्यें ‘झाओदी’ म्हणजे धाकट्या भावाला बोलावून आणणारी. भाषा निराळ्या, देव निराळे, पण पाळण्याजवळचा सुस्कारा एकच. याच हरियाणांत एका शेतकऱ्यानें चौथी मुलगी झाली तेव्हां, आतां ही शेवटचीच असो म्हणून तिचें नांव अंतिम ठेविलें. ती अंतिम पंघाल पुढें आखाड्यांत उतरली आणि २०२२ सालीं वीस वर्षांखालील जागतिक कुस्तींत सोन्याचें पदक जिंकणारी पहिली भारतीय मुलगी ठरली. २०२३ सालीं तें पदक तिनें पुन्हां जिंकलें. शेवटची म्हणून नांव ठेविलेली पोर पहिली आली !

आतां आमच्या घरची हकीकत. आमच्या अगोदर चार बहिणी. चौथीच्या वेळीं सुईण बाहेर येऊन कांहीं बोलली नाहीं, तेव्हांच आमच्या आजीला समजलें. तीन मुलींचीं बारशीं झालीं होतीं. चौथीचा पाळणा बांधला नाहीं. आत्यानें कानांत नांव सांगावें, बायांनीं तिच्या पाठींत धपाटे घालावे, घुगऱ्या वाटाव्या, यांपैकीं कांहीं झालें नाहीं. आजी म्हणाली, नकुसा म्हणा. झालें. तिच्या पाठीवर दोन वर्षांनीं आम्ही झालों. मग काय विचारतां ! गांवभर साखर वाटली, आणि जो तो म्हणूं लागला, ‘नांवाचा गुण आला.’ म्हणजे आपणांपुढें हे जे मास्तर उभे आहेत, ते त्या अर्जाचें उत्तर आहेत.

आम्ही लहानपणीं तिला अक्का म्हणत होतों. तिचें नांव आम्हांस प्रथम कळलें तें शाळेंत. गुरुजी हजेरी घेत. ते म्हणत ‘नकुसा’, आणि ती उभी राहून म्हणे ‘हजर’. पुढें आम्ही स्वतः हजेरी घेऊं लागलों तेव्हां त्या दोन शब्दांचा अर्थ ध्यानांत आला. जग रोज म्हणे नको, आणि पोर रोज म्हणे, मी आहें. तिची शाळा चौथींत सुटली. कारण आईबाप शेतावर गेले कीं आम्हांस कोणीं सांभाळावें ? आमचीं पुस्तकें तिनें डोक्यावरून वाहिलीं, पण उघडलीं नाहींत.

‘नांवाचा गुण आला’ या बोलण्याचा मात्र हिशेब केला पाहिजे. ज्या घरांत नकुसेच्या पाठीवर मुलगा झाला, त्या घराची गोष्ट दहा गांवें सांगतात. ज्या घरांत पुन्हां मुलगीच झाली, त्या घराची गोष्ट कोणी सांगत नाहीं. मुलगा कीं मुलगी हें जवळजवळ निम्मेंनिम असतें. मग नांव कांहींही ठेवा, निम्म्या घरांत तें फळल्यासारखें दिसणारच. आणि दोष म्हणाल तर तो आईकडे येतच नाहीं. बाईच्या बीजांत एकाच प्रकारचें गुणसूत्र असतें, त्याला एक्स म्हणतात. पुरुषाच्या बीजांत मात्र एक्स किंवा वाय यांपैकीं एक असतें. वाय आलें तर मुलगा, एक्स आलें तर मुलगी. आपण शेतकरी आहों. पाभरींत जोंधळा भरून शेतांत गहूं कां उगवला नाहीं म्हणून कोणी जमिनीला झोडपतो काय ? पण घरोघर सुनेला मात्र झोडपलें. आणि खरें पाहतां पुरुषालाही दोष नाहीं. कोणतें बी पुढें जावें हें त्याच्याही हातांत नसतें.

मुलगी नकोशी कां होते, याचीं कारणें आम्ही जाणतों. दोन एकर कोरडवाहू, त्यांत लग्नाचा खर्च, आणि हुंडा. १९६१ सालापासून हुंड्यास कायद्यानें बंदी आहे, तरी तो ‘मुलाला उभें करण्यासाठीं’, ‘पाहुण्यांच्या मानासाठीं’ अशा निरनिराळ्या नांवांनीं घेतला जातो. पहा, येथेंही नांवाचीच लबाडी ! शिवाय म्हातारपणीं कोण पाहील, तोंडांत पाणी कोण घालील, ही भीति. या भीतीचें उत्तर आमच्या घरीं मिळालें, तें पुढें सांगतों.

पण त्याआधीं एक कडू गोष्ट. नकुसा निदान जन्मली तरी. तिला नांव वाईट मिळालें, पण नांव मिळालें. पुढें यंत्रें आलीं आणि पोटांतच पाहून मुलगी नाहींशी करतां येऊं लागली. आपल्या महाराष्ट्रानें १९८८ सालीं याविरुद्ध देशांत सर्वांच्या अगोदर कायदा केला. पुढें १९९४ सालीं साऱ्या देशासाठीं कायदा झाला. तरीहि खानेसुमारीचे आंकडे काय सांगतात ? सहा वर्षांपर्यंतच्या दर हजार मुलांमागें महाराष्ट्रांत १९९१ सालीं ९४६ मुली होत्या, २००१ सालीं ९१३, आणि २०११ सालीं ८९४. ज्या गेल्या त्यांचें नांव नकुसा देखील नव्हतें. जें मन पाळण्याजवळ ‘नको’ म्हणत होतें, तेंच मन यंत्राजवळ जाऊन उभें राहिलें.

आणि हें कोणत्या जिल्ह्यांत ? ज्या जिल्ह्यांतील खंडाळा तालुक्यांत, नायगांवीं, ३ जानेवारी १८३१ रोजीं एक मुलगी जन्मली आणि जिचें नांव सावित्री ठेविलें, त्या जिल्ह्यांत. पुराणांतील सावित्री यमाच्या मागें गेली ती नवऱ्याचे प्राण आणावयास. आमची सावित्रीबाई जोतीरावांबरोबर पुण्यांत १८४८ सालापासून मुलींच्या शाळा चालवीत गेली, अंगावर शेणमाती झेलीत गेली. तेव्हांपासून सावित्री म्हटलें कीं आम्हांस वडाला फेऱ्या घालणारी बाई आठवत नाहीं. पाटीपेन्सिल हातांत घेतलेली बाई आठवते. नांवाला अर्थ माणसें देतात, तो असा.

याच जिल्ह्यांत २२ ऑक्टोबर २०११ रोजीं एक चांगलें काम झालें. नकुसा, नकुशी अशीं नांवें असलेल्या २८५ मुलींना सातारा येथें समारंभ करून नवीं नांवें देण्यांत आलीं. मुलींनीं आपलीं नांवें आपणच निवडलीं. कोणीं ऐश्वर्या घेतलें, कोणीं वैशाली घेतलें. फुलें मिळालीं, नव्या नांवाचे दाखले मिळाले. आमच्या वर्गांतलीही एक मुलगी त्यांत होती. परत आल्यावर आम्हीं हजेरीपत्रकांत तांबड्या शाईनें दुरुस्ती केली आणि आपलें काम संपलें असें समजलों. पण घरीं तिची आजी जुन्याच नांवानें हांक मारी. पोर ओ देईना. आजी ओरडे, आई दटावी, भाऊ चिडवी. पोर कांहीं उलटून बोलली नाहीं, फक्त नव्या नांवानें हांक येईपर्यंत जागची हलली नाहीं. असें पुष्कळ महिने चाललें. शेवटीं एके दिवशीं आजीनेंच हांक मारली. दाखला सरकारनें दिला, पण नांव त्या पोरीनें मिळविलें.

तेव्हां करावयाचें काय, तें थोडक्यांत सांगतों.

मुलीचें बारसें मुलासारखेंच करा. मुंबईंत जागा लहान असते, पाळणा भाड्याचा असतो, तरी आत्याला बोलवा आणि कानांत नांव सांगा. जन्माची नोंद एकवीस दिवसांच्या आंत करा. नांव ठरलें नसेल तर बारा महिन्यांपर्यंत फी न देतां तें नोंदवितां येतें, आणि पुढें फी भरून पंधरा वर्षांपर्यंत. कोरा रकाना ठेवूं नका. कोऱ्या रकान्यांत कोणीही कांहीही लिहितो. १ मे २०२४ पासून जन्मलेल्या बालकांच्या सरकारी कागदांवर स्वतःच्या नांवापुढें आईचें नांव, मग बापाचें, मग आडनांव, असा नियम महाराष्ट्रांत झाला आहे. म्हणजे आतां आईचें नांव लेकराबरोबर जन्मभर चालणार. तें तोंड भरून घेतां येईल असें असावें. वयांत आलेल्या बाईला नांव बदलावयाचें असेल तर राजपत्रांत जाहीर करून बदलतां येतें. तिला साह्य करा. पण जिला बदलावयाचें नाहीं तिच्यावर बळजबरी करूं नका. लग्नांत ताटांत तांदूळ पसरून सुनेचें नांव तिला न विचारतां बदलणारे आपण. निदान आतां तरी विचारूं लागूं या.

शेवटीं आमची स्वतःची गोष्ट, कारण दुसऱ्यास सांगावें आणि आपण कोरडें राहावें, हें मास्तरास शोभत नाहीं. आमची अक्का लग्न होऊन असल्फ्याच्या टेकडीवर एका खोलींत आली. चार घरचीं भांडीं-धुणीं करून तिनें दोन मुलें शिकविलीं. आमची आई थकली, दुखण्यानें अंथरुणाला खिळली, तेव्हां औषधपाण्यासाठीं तिला मुंबईस आणावी लागली. मुलगा गांवीं मास्तर होता. त्याला रजा नव्हती. आई शेवटचे चौदा महिने अक्काच्या खोलींत होती. जी म्हातारपणाची भीति म्हणून मुलगा मागितला, तें म्हातारपण नकुसेनें काढलें. आईच्या तोंडांत शेवटचें पाणी नकुसेनें घातलें. आम्ही दुसऱ्या दिवशीं सकाळच्या गाडीनें पोंचलों.

आणि याहून वाईट गोष्ट सांगतों. त्याआधीं वडील वारले आणि तलाठ्याकडे वारसांची नोंद झाली, तेव्हां चारही बहिणींकडून हक्कसोडपत्रावर सह्या आम्हींच घेतल्या. २००५ सालच्या दुरुस्तीनें मुलीचा वडिलार्जित जमिनींत मुलाइतकाच वाटा आहे, हें आम्हांस ठाऊक होतें. वर्गांत शिकवीतही होतों. तरी ‘बहिणी कशाला भांडतील, रीतच आहे’ असें म्हणून कागद पुढें केला. तिघींनीं सही केली, अक्कानें अंगठ्याजवळ बोट थांबवून आमच्याकडे एकदां पाहिलें आणि मग सही केली. चौथीपर्यंतची सही ती, वळणदार होती. म्हणजे आजीनें तोंडानें जें म्हटलें, तेंच आम्हीं कागदावर म्हटलें : नको. आजी अडाणी होती. आम्ही शिकलेले होतों.

गेल्या महिन्यांत आम्ही तालुक्याला जाऊन कागद तयार करून आलों आहों. चारही बहिणींचीं नांवें सातबाऱ्यावर सामाईकांत लागतील. वकिलानें विचारलें, चौथीचें नांव बदलून घेतां काय, आतांच घेतलें तर बरें. आम्हीं अक्काला फोन केला. ती भांडीं घासत असावी. पाण्याचा आवाज येत होता. ती म्हणाली, “नकुसाच लिव बाबा. ज्या नांवाला समद्यांनी नको म्हटलं, त्या नांवावर जमीन लागूं दे. नातीचं नांव मात्र मी ठेवनार हाय, तवा कुनी मधी बोलायचं नाय.”

बंधूंनो, आम्ही येथें शिकवावयास आलों होतों, पण धडा तिनें दिला आहे. घरीं गेल्यावर प्रत्येकानें दोन कागद काढून पाहावे : एक लेकीचा जन्मदाखला आणि दुसरा गांवाकडचा सातबारा. दोन्हींवर तिचें नांव आहे काय, आणि तें कसें आहे, हें पाहावें. नसेल तर पुढच्या मेळाव्यापूर्वीं लावावें. तुम्ही लावलेंत कीं नाहीं, हें विचारावयास आम्ही पुढल्या वर्षीं येऊं. आणि आम्हीं लावलें कीं नाहीं, हें तुम्हीं अक्काला विचारावें.

इतकें बोलून आपली रजा घेतों.